दूरचें जवळ आणणारें भिंग

दूरचें दिसावें ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. हस्तिनापुरांत बसून कुरुक्षेत्रावरील युद्ध पाहणाऱ्या संजयाची कथा लहानपणीं ज्यानें ऐकली नाहीं, असा मराठी माणूस विरळाच. ती दिव्यदृष्टि आतां खोक्यांत भरून दुकानांत विकत मिळूं लागली आहे, असें नव्या कॅमेऱ्यांच्या जाहिराती वाचतांना वाटतें. या जातीच्या कॅमेऱ्यांस 'सुपरझूम' असें नांव आहे. एकाच भिंगानें सबंध देवळाचें चित्र घ्यावें आणि, जागेवरून न हालतां, त्याच्या कळसावर बसलेल्या पारव्याचेंही घ्यावें, ही त्यांची करामत.

असा कॅमेरा घरीं आला कीं तो एकदम लग्नांत किंवा यात्रेंत बाहेर काढण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदां फजिती पदरीं येते. चित्रें हाललेलीं निघतात, रंग फिके येतात, आणि दोष कॅमेऱ्याच्या माथीं मारला जातो. वस्तुतः नव्या बैलाला जसें आधीं रिकाम्या गाडीला जुंपून पाहावें, तसें या यंत्राला एखाद्या शहराच्या एका दिवसाच्या सहलींत पारखून घ्यावें हें बरें. अशा परीक्षेसाठीं वाशीम हें शहर फार सोयीचें आहे. जुनीं देवळें, दगडी पायऱ्यांचीं तीर्थें, गजबजलेला बाजार, लोहमार्ग आणि सभोंवार पसरलेलें वऱ्हाडचें मोकळें रान, हें सारें तेथें अल्प अंतरांत एकत्र सांपडतें.

वाशीम हें नुसतें जिल्ह्याचें गांव नव्हे. अकोला जिल्ह्यापासून अलग होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. परंतु दीड हजार वर्षांपूर्वीं 'वत्सगुल्म' या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसा' ग्रंथांत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मांत. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, असें तेथील शिलालेख सांगतो.

अजिंठ्याचें नांव निघालें म्हणजे छायाचित्रणाच्या इतिहासांतील एका माणसाची आठवण होते. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं नेमण्यांत आलें. पुढें त्यानें कॅमेरा हातीं घेतला आणि लेण्यांचीं व वऱ्हाडांतील जुन्या वास्तूंचीं छायाचित्रें घेतलीं. त्या काळीं कांचेवर रसायनाचा ओला थर द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधाऱ्या तंबूंत जाऊन तें धुवावयाचें, अशी पद्धति होती. कॅमेरा, कांचा, रसायनें आणि तंबू घेऊन चित्रकारास वस्तूजवळ जावें लागे; वस्तु कांहीं त्याच्याजवळ येत नसे. आजचा कॅमेरा हा नियम उलटा करूं पाहतो. तो कितपत उलटतो, हेंच एका दिवसांत तपासावयाचें आहे.

प्रथम खोक्यावरचा आंकडा समजून घेतला पाहिजे. निकॉन कंपनीचा 'कूलपिक्स पी ९००' हा कॅमेरा २०१५ सालीं निघाला. त्याची झेप ८३ पट होती. २०१८ सालच्या 'पी १०००' नें ती १२५ पटींवर नेली, आणि २०२५ सालीं आलेल्या 'पी ११००' मध्यें तीच झेप कायम आहे. पण '१२५ पट' याचा अर्थ वस्तु डोळ्यांस दिसते त्याच्या सव्वाशें पट मोठी दिसेल, असा मुळींच नव्हे. हा आंकडा त्याच भिंगाच्या दोन टोकांची तुलना करतो. या भिंगाचीं दोन टोकें, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापानें सांगावयाचीं तर, २४ आणि ३००० मिलिमीटर अशीं आहेत. ३००० ला २४ नें भागिलें कीं १२५ येतात. मनुष्याच्या डोळ्यास जें स्वाभाविक वाटतें त्याचें माप सुमारें ५० धरतात. तेव्हां डोळ्याच्या हिशेबानें ही झेप साठ पटींची झाली. एक किलोमीटरवरची वस्तु सतरा मीटरांवर असल्यासारखी दिसते, इतकाच त्याचा अर्थ. हेंही कांहीं थोडें नाहीं.

दुसऱ्या रीतीनें सांगावयाचें तर, एक किलोमीटरवर रुंद टोकानें सुमारें दीड किलोमीटर रुंदीचा देखावा चौकटींत मावतो; लांब टोकानें मावतो तो अवघा बारा मीटरांचा. सबंध गांवांतून एक घर उचलल्यासारखें हें झालें.

इतकी झेप हातांत धरतां येण्याजोग्या यंत्रांत कशी सामावली? त्याचें रहस्य प्रकाश टिपणाऱ्या तुकड्यांत, म्हणजे सेन्सरमध्यें, आहे. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असे. या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६·२ मिलिमीटर लांब आणि ४·६ मिलिमीटर रुंद आहे. तुरीच्या दाण्याहून फारसा मोठा नाहीं. सेन्सर लहान, म्हणून भिंगही लहान पुरतें. ३००० असें जें म्हटलें तें खरोखर ५३९ मिलिमीटर आहे. सोय झाली खरी, पण तिची किंमत प्रकाशांत मोजावी लागते, आणि ती कशी हें सहलींतच कळतें.

आतां अशी कल्पना करावी कीं, माघ महिन्यांतील शुद्ध दशमीस अकोल्याचें एक कुटुंब सकाळच्या गाडीनें वाशिमास उतरलें आहे. गृहस्थाच्या गळ्यांत नवा कॅमेरा आहे. त्याचें वजन सुमारें १४०० ग्रॅम, म्हणजे पट्टा मानेस कांचतो. बरोबर पत्नी आणि शाळेंत जाणारी मुलगी.

पहिली परीक्षा बालाजीच्या देवळाची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, भोसल्यांच्या पदरीं असलेल्या भवानी काळू यांनीं हें देऊळ बांधविलें. जेथून शिखर स्पष्ट दिसेल अशी एखादी दूरची जागा निवडावी आणि तेथूनच तीन चित्रें घ्यावींत: एक रुंद टोकानें, एक मध्यम, एक लांब टोकानें. गृहस्थ सरळ लांब टोकावर जातो आणि त्याला शिखर सांपडतच नाहीं. कधीं आभाळ, कधीं विजेची तार, कधीं कोणाची तरी टांकी! हा अनुभव प्रत्येक नवशिक्यास येतो, कारण चौकट इतकी चिंचोळी झालेली असते कीं हात केसभर हालला तरी देऊळ तिच्याबाहेर जातें. त्यावर उपाय सोपा आहे. आधीं रुंद टोकानें शिखर मधोमध घ्यावें आणि मग हळूहळू झूम वाढवीत जावें.

सांपडलें तरी चित्र हालतें. हाताचा कंप साठ पट मोठा झालेला असतो. जुना ठोकताळा असा कीं, भिंगाचें माप जितकें मिलिमीटर, तितक्याव्या सेकंदांत चित्र घ्यावें. म्हणजे येथें तीन हजाराव्या सेकंदांत. कॅमेऱ्यांतील कंप शोषणारी यंत्रणा हें काम पुष्कळ हलकें करते, पण तीवर सर्वस्वीं विसंबूं नये. कोपरें छातीशीं घट्ट धरावींत, भिंतीला किंवा खांबाला टेकावें, तिपाई असल्यास उत्तम; आणि बटण दाबण्याचा धक्काही लागूं नये म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप चित्र घेणारी सोय वापरावी.

याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. भिंगाची झेप संपली तरी कांहीं कॅमेरे चित्र आणखी मोठें करीत जातात. त्यास डिजिटल झूम म्हणतात. त्यांत नवें कांहींच दिसत नाहीं. जें टिपलें तेंच ताणून दाखविलें जातें. ही सोय पहिल्याच दिवशीं बंद करून ठेवावी. निसर्गानेंही एक मर्यादा घातलेली आहे. प्रकाश लाटांच्या रूपानें चालतो, आणि भिंगाचें तोंड जितकें लहान तितकें सूक्ष्म तपशील एकमेकांत मिसळतात. या भिंगाचें तोंड लांब टोकाला सुमारें ६७ मिलिमीटर पडतें. त्या हिशेबानें एक किलोमीटरवर सुमारें एक सेंटिमीटराहून बारीक तपशील उमटणेंच शक्य नाहीं. दुकानाची पाटी वाचतां येईल. दुकानदाराच्या हातांतलें वर्तमानपत्र नाहीं.

दुपारीं परीक्षेचें दुसरें प्रकरण सुरू होतें. गृहस्थ रेल्वेच्या फलाटावर उभा राहून दूर गेलेल्या रुळांवर कॅमेरा रोखतो. सकाळीं रेखीव दिसलेलें जग आतां पाण्यांत पडल्यासारखें थरथरतें. रूळ नागमोडी होतात, सिग्नलचा खांब वितळल्यासारखा दिसतो. तिपाई लावली, तरी कांहीं उपयोग नाहीं. हा दोष यंत्राचा नव्हे, हवेचा आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होऊन वर चढते, वरची थंड हवा खालीं येते, आणि या उलथापालथींत प्रकाशकिरण क्षणोक्षणीं वांकतात. मृगजळाचेंही कारण हेंच. डोळ्यांस जें सूक्ष्मपणें घडत असतें, तें भिंग साठ पटींनीं दाखवितें. वऱ्हाडांतील ऊन लक्षांत घेतां, दूरचीं चित्रें सूर्योदयानंतरच्या तासा-दोन तासांत उरकावींत. दुपारच्या वेळीं कितीही महाग कॅमेरा असला तरी दोनशें पावलें पुढें चालत जाणें हाच खरा झूम.

बाजाराच्या रस्त्यावर तिसरा धडा मिळतो. गृहस्थ रस्त्याच्या एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकाकडील माणसांचें चित्र लांब टोकानें घेतो. चित्रांत मुंगीला वाट मिळूं नये अशी गर्दी दिसते. मुलगी रस्त्याकडे पाहते, चित्राकडे पाहते आणि म्हणते, "बाबा, एवढी गर्दी कुठें आहे?" तिचा प्रश्न रास्त आहे. दहा दहा पावलांच्या अंतरानें चालणारीं माणसें दुरून पाहिलीं म्हणजे त्यांच्यामधलें अंतर, आपल्यापासूनच्या अंतराच्या मानानें, क्षुल्लक होतें, आणि सारीं एकमेकांस चिकटल्यासारखीं वाटतात. हा परिणाम दूर उभें राहण्याचा आहे; भिंग फक्त तो चौकटींत भरून दाखवितें.

हा केवळ गमतीचा विषय नाहीं. २०२० सालीं महामारीच्या दिवसांत डेन्मार्कमधील एका वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकारांनीं तींच माणसें, त्याच वेळीं, एकदां रुंद भिंगानें आणि एकदां लांब भिंगानें टिपून दाखविलीं होतीं. एका चित्रांत माणसें नियमाप्रमाणें अंतर राखून उभीं दिसत. दुसऱ्यांत तींच बेफिकीरपणें खेटून उभीं असल्यासारखीं भासत. दोन्ही चित्रें खरीं होतीं. तरी नुसत्या दुसऱ्या चित्रावरून त्या माणसांना दोष देणें हा अन्याय झाला असता. म्हणून लांब भिंगानें घेतलेलें गर्दीचें चित्र कोणास दाखवितांना त्याच जागेवरून रुंद टोकानें घेतलेलें चित्रही जवळ ठेवावें. संजयानें युद्ध जसें झालें तसें सांगितलें. अर्धें सांगितलें असतें, तर त्याच्या दृष्टीला दिव्य कोण म्हणता?

उन्हें उतरल्यावर कुटुंब पद्मतीर्थाच्या काठीं येतें. गृहस्थास समोरच्या बाजूला एक खंड्या दिसतो. नुसत्या डोळ्यांना निळा ठिपका, पण भिंगांत त्याची चोंच, मान आणि पंखांवरचा रंग लख्ख दिसूं लागतो. एव्हाना पक्षी चौकटींत धरण्याची युक्ति साधलेली असते. एकामागून एक चित्रें निघतात. खंड्या उडतो, भिंग त्याच्या मागें सरकतें, आणि चौकटींत अकस्मात् एक मुलगा येतो. वीस-बावीस वर्षांचा, डोकें नुकतेंच भादरलेलें, अंगावर ओलें धोतर, हातांत लहानसें मडकें. तो रडत आहे. दूर असलेल्या नातेवाइकांना त्याचे अश्रु दिसत नसतील. पण कॅमेऱ्यांत पापणीवरचा थेंबही दिसतो. गृहस्थाचें बोट बटणावर पडतें. चित्र अप्रतिम येतें. दिवसभरांत इतकें सुरेख, इतकें स्थिर चित्र एकही साधलेलें नसतें.

पत्नी तें पडद्यावर पाहते. बराच वेळ कांहीं बोलत नाहीं. मग म्हणते, "अहो, आपण त्याच्याजवळ जाऊन उभे राहिलों असतों, तर हें चित्र काढण्याचा तुम्हांला धीर झाला असता का?"

"अगं, पण त्याला कळलेंसुद्धां नाहीं."

"तेंच म्हणतें मी," ती म्हणते.

या कॅमेऱ्याची खरी परीक्षा येथें होते. आणि ती कॅमेऱ्याची नसून धन्याची असते. रॉबर्ट गिलच्या काळीं चित्रकार तंबू ठोकून समोर उभा राही. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याला तो दिसे, नको असेल तर तो तोंड फिरवी. अंतर कमी होतें, म्हणून संकोच होता. लांब भिंगानें पाहणारा जवळ येतो, पण ज्याला तो पाहतो त्याच्या लेखीं तो दूरच असतो. हा एकतर्फी सहवास आहे, आणि नकार देण्याची दुसऱ्याची संधि त्यांत हिरावली जाते. मनुष्याचा खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें. एखाद्या स्त्रीची, जेथें आपणांस कोणी पाहत नाहीं असें ती रास्तपणें समजते अशा खाजगी स्थितींतील छबी टिपणें, हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखालीं तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तत्पूर्वींच्या दंडसंहितेंतही तें कलम २०१३ सालीं आलेलें होतें. परंतु तीर्थावर अस्थि घेऊन आलेल्या मुलाच्या दुःखाविषयीं प्रत्येक वेळीं कायदा बोलेलच असें नाहीं. तेथें पाहणाऱ्यानेंच आपला कायदा व्हावें. पत्नीनें विचारलेला प्रश्न हीच त्याची साधी कसोटी: तितक्या जवळ पायीं जाऊन, त्या माणसाच्या नजरेस नजर देऊन हें चित्र घेतां आलें असतें का? येत नसेल तर बटण दाबूं नये; दाबलें गेलें असेल तर पुसून टाकावें.

गृहस्थ तें चित्र पुसतो. त्याला हळहळ वाटते, हें खोटें कशाला सांगावें? मुलगी हळूच विचारते, "खंड्याचीं तरी ठेवणार ना?" तीं राहतात.

आतां प्रकाश ओसरूं लागतो, आणि लहान सेन्सरची किंमत मोजावी लागते. रुंद टोकाला या भिंगाचें छिद्र मोठें असतें, लांब टोकाला तें झेपेच्या मानानें पुरेसें वाढत नाहीं. परिणामीं सेन्सरवर पोंचणारा प्रकाश एक अष्टमांश होतो. कॅमेरा तो तोटा भरून काढण्यासाठीं संवेदनशीलता वाढवितो, आणि चित्रांत रव्यासारखे ठिपके उमटतात. संध्याकाळीं सभामंडपांत किंवा लग्नाच्या मांडवांत लांब टोक वापरूं नये, हा धडा येथेंच शिकून घ्यावा. त्या वेळीं रुंद टोक आणि चार पावलें जवळ जाणें, हेंच उत्तम साधतें. देवळांत मात्र आधीं परवानगी विचारावी. नाहीं म्हटल्यास कॅमेरा पिशवींत ठेवावा.

शेवटची परीक्षा आकाशांत. दशमीचा चंद्र तिन्हीसांजेस चांगलाच वर आलेला असतो. वाटतें कीं रात्रीं प्रकाश कोठून पुरणार. पण चंद्रावर भर दुपारचें ऊन पडलेलें असतें, म्हणून त्याचें चित्र सहज निघतें. ३,८४,४०० किलोमीटर हें त्याचें सरासरी अंतर. तरी लांब टोकानें तो सबंध चौकट भरून टाकतो. उजेड-अंधाराच्या सीमेजवळ सांवल्या लांब पडतात, आणि सुमारें ९३ किलोमीटर रुंदीचें कोपर्निकस हें विवर स्पष्ट दिसतें. चंद्र दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतका सरकतो. म्हणून तिपाईवरही चौकट पुन्हां पुन्हां जुळवावी लागते. सूर्यावर मात्र हें भिंग योग्य गाळणीवांचून चुकूनही रोखूं नये. यंत्र जळेल, आणि आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांत तर डोळाही जाईल.

मुलगी चंद्राचें चित्र पाहून टाळ्या वाजविते. तिच्या हातीं कॅमेरा देतांना गृहस्थ म्हणतो, "याला वाटेल तेवढें जवळून पाहा. याची कांहीं हरकत नसते."

परतीच्या गाडींत चित्रांचा हिशेब होतो. शंभरांतून दहा-बारा ठेवण्याजोगीं निघतात: शिखर, खंड्या, चंद्र, आणि पत्नीनें रुंद टोकानें घेतलेलें बाप-लेकीचें एक. एका दिवसाच्या सहलीस हें उत्पन्न पुरेसें आहे. याहून मोठा लाभ असा कीं, यंत्राच्या मर्यादा आतां ठाऊक झाल्या. सकाळची हवा, भरपूर प्रकाश, स्थिर हात, आणि पाहिलें जाण्यास ज्याची हरकत नाहीं असा विषय, या चार गोष्टी जेथें जुळतात तेथें हा कॅमेरा दूरचें खरोखर जवळ आणतो. त्यांतील पहिल्या तीन कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत छापलेल्या सांपडतील. चौथी कोणतीच कंपनी छापीत नाहीं. ती घरांतूनच न्यावी लागते.